बसणाऱ्याचं माप

दिग्रस,
बुधवार, २४ जानेवारी १९६२

प्रिय सुनी,

पुसदचा तो सरकीचा व्यापारी एव्हाना नीळकंठरावांना भेटला असेल, आणि तुझ्या आईच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी तुमच्या घरी पोचली असेल. त्याने सांगितलं ते सगळं खरं आहे. नानांची पिकअप मी त्याला विकली नाही. नाही म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. रविवारी तो आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारून पाहिली, नव्या कोऱ्या चामड्याच्या सीटवरून हात फिरवून खूश झाला आणि दार उघडून आत बसायला गेला. बसता येईना. माणूस चांगला सहा फूट, गुडघे स्टिअरिंगला अडकले, टोपी टपाला लागून डोळ्यांवर आली. तसाच वाकून मला म्हणाला, “बाई, हे सीट कोन्या लेकराच्या मापाची केली का?” मी त्याला चहा दिला, संक्रांतीचे उरलेले दोन लाडू दिले आणि वाटेला लावलं. तो गेल्यावर अंगणात एकटीच पोट धरून हसले. मग हसू थांबलं आणि काय करावं ते सुचेना, म्हणून विहिरीवरच्या सगळ्या घागरी पुन्हा घासल्या.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीचे दोन कागद चुलीत गेले. एका जागी बसवतच नाही गं. चार ओळी लिहिल्या की उठते, फाटकापर्यंत जाते, उगाच कडी काढते, लावते, परत येते. शेजारच्या रुपीबाई म्हणतात, तुमच्या पायाला भिंगरी लागली आहे. नानांच्या हयातीत मी इतकी बसणारी बाई होते की हे मला ‘देव्हारा’ म्हणायचे, आठवतं ना तुला? आता तो देव्हारा दिवसभर घरात हिंडतो.

दिवाळीत तुझं पत्र आलं. गाडी विकून टाक, दवाखाना भाड्याने दे, कायमची नागपूरला ये, बाळंतपणही इथेच करू. दवाखाना मी दिला. विजयमाला म्हणून नवी लेडी डॉक्टर आली आहे, तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, हाताने हलकी, फक्त बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायला तिच्याकडे वाहन नाही. बाकीचं मात्र माझ्याच्याने झालं नाही. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ झालंय. ‘आई, नाना झोपेत गेले, त्यांना त्रास झाला नाही, हेच आपलं समाधान, आता त्या गाडीला धरून बसून काय मिळणार आहे?’ त्या वाक्याकडे मी येणार आहे. जरा थांब. आधी सीटचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

नीळकंठरावांनी तुझ्या पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की सीट फार फाटल्या आहेत, स्वस्तातलं रेक्झिन टाकून घ्या, म्हणजे गिऱ्हाईक लवकर येईल. जावयाचा सल्ला मी अर्धा मानला. सीट खरंच मोडीत निघाली होती. अठ्ठेचाळीस साली नानांनी ती गाडी लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हाच चामडं जुनं होतं. नंतरची तेरा वर्षं ते नानांनी आणि त्यांच्या रोग्यांनी मिळून संपवलं. बाबूसिंग ड्रायव्हर नुसता नावाचा, निम्म्या वेळा नानाच चालवायचे आणि तो बाजूला बसून त्यांच्या चुका काढायचा. त्यामुळे उजवीकडे नानांचा खळगा पडला होता, चांगला वीतभर खोल. डावीकडचं चामडं कडेने पार चिरलं होतं. तिथे अडलेल्या बाया बसायच्या, यवतमाळच्या वाटेवर कळ आली की सीटची कड घट्ट धरायच्या. मधोमध आयोडिनचा डाग, तू सात वर्षांची असताना बाटली सांडलीस तो. त्या दिवशी तू मागे हौद्यात लपून बसली होतीस आणि आम्ही तुला विहिरीत शोधत होतो.

कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत खोगीरवाले चाचा आहेत ना, त्यांच्याकडे बैलगाडीत घालून सीट नेली. पूर्वी खोगिरं आणि टांग्याचे साज करायचे. आता घोडीच राहिली नाहीत म्हणून ट्रकच्या गाद्या करतात. त्यांनी माझ्यासमोर जुनं चामडं उसवलं. आतला काथ्या उपसला तर स्प्रिंगांच्या मधून काय काय निघालं म्हणून सांगू! कवड्या, आरशाचे बारीक तुकडे, काचेचे मणी, लहान मुलाच्या काळ्या मनगटीचा एक तुकडा, तांड्यावरच्या बायांच्या काचळ्या-चोळ्यांवरून आणि ओढण्यांवरून गळलेलं सगळं. पुढे नेताना ज्या बाया ओरडत होत्या त्यांचं हे सामान, आणि परत येताना त्यांच्या मांडीवर पोर असायचं. एक चांदीची घुगरीही सापडली, केसांत कानाशी घालतात ती. आणि तुझी एक पेन्सिल, मागून चावलेली. चाचांनी ते सगळं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. मला तिथे रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग ते म्हणाले, “बसनारा कोन हाये बाई? त्याले घिऊन या.” मी म्हटलं, गाडी विकायची आहे, कोण बसेल ते कुणाला माहीत. त्यांनी कात्री खाली ठेवली. “मंग ज्यानं घेतली त्यालेच येऊ द्या. बसनाऱ्याचं माप घेतल्याबिगर मी चामड्याले कात्री लावत नाही. खोगिराले नाही लावली, याले कायले लावू?” म्हातारा हट्टी. दुसरीकडे गेले असते तर तासाभरात रेक्झिन ठोकून मिळालं असतं. मी घरी आले आणि दोन दिवस नुसती येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी, अकरा वाजता, चाचांच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, घ्या माप.

गल्ली थांबली गं. हमाल थांबले, पानवाला थांबला. डॉक्टरांची विधवा खोगीरवाल्याच्या बाकावर पाय सोडून बसलेली. चाचांनी मान वर केली नाही की एक प्रश्न विचारला नाही. गाठी मारलेली एक दोरी माझ्याकडे टाकली. टाचेपासून गुडघ्यापर्यंत मीच धरायची, गुडघ्यापासून पाठीपर्यंत मीच धरायची, ते लांबून गाठी मोजायचे. “चार बोटं उंच, अन् पाठ एक वीत म्होरं,” असं स्वतःशीच म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “इतकी पाठ म्होरं घेतली तं या सीटवर दुसरं कोनी बसू शकनार नाही, बाई. गिऱ्हाईक जाईन. इचार करून घ्या.” मी म्हटलं, विचार झालाय. दुसऱ्या कोणी बसूच नये.

तर अशी ती सीट आहे. खाली काथ्या, वर इथल्याच कापसाच्या जिनातली रुई, त्यावर चामडं. मी बसले की पाय पुरतात आणि काचेतून रस्ता दिसतो.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. दसऱ्यापासून मी गाडी शिकते आहे. तुला कळवलं नाही, कारण तू मला अडवलं असतंस आणि मी अडले असते. बाबूसिंगाने नानांच्या चौथ्या दिवशी गाडीची किल्ली तुळशीपाशी ठेवली आणि तांड्यावर निघून गेला, तो परत फिरकलाच नाही. नवरात्रात एसटीने गेले, पुढे दोन मैल चालले, तर हा वावरात कापूस वेचत होता. मला पाहून मान खाली. मी म्हटलं, बाबूसिंग, मला गाडी शिकव. तो म्हणाला, “बाई, तुमच्या घरच्या बाया गाडी हाकत नाहीत. लोक काय म्हनतीन?” मी काही बोलायच्या आत त्याची हंसाबाई ओटीतला कापूस सावरत पुढे आली आणि त्याच्यावर कडाडली, “लोक काय म्हनतीन? तुही आजी मिठाच्या गोण्या लादलेल्या शंभर बैलाच्या म्होरं चालत होती, तवा लोक काय म्हनत होते?” दुसऱ्या दिवशी स्वारी सकाळी सात वाजता फाटकात हजर.

बाजार बंद असला की सकाळी त्या मोकळ्या आवारात आम्ही फेऱ्या मारायचो. नानांच्या खळग्यात दोन उशा घालून मी बसायची. गाडी वळली की उशा घसरायच्या आणि उशांबरोबर मी. “क्लच सोडून राह्यल्या तुमी बाई, अन् गाडीले नावं ठेवून राह्यल्या!” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. एकदा ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि गाडी सरळ कापसाच्या ढिगात. नाकापर्यंत कापूस. हमालांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा माझं डोकं कुठलं आणि कापूस कुठला ते कळत नव्हतं. गावभर झालं, डाकदरीणबाईनं गाडी कापसात घातली. त्या दिवशी मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सीट झाल्यावर मात्र हात बसला. मागच्या सोमवारी यवतमाळला गाडी नेली ती मीच, बाबूसिंग शेजारी जीव मुठीत धरून. लोहाऱ्याच्या बाजूच्या रस्त्यावर परीक्षा झाली. तपासणाऱ्या माणसाने दोनदा विचारलं की गाडी चालवणार कोण. तिसऱ्यांदा विचारलं नाही. लायसन माझ्या हातात आहे, सुनी. परतताना तांड्यावर जाऊन ती घुगरी लालीबाईला दिली. तिचीच होती. नऊ वर्षांचा तिचा भीमसिंग दारव्ह्याच्या अलीकडे याच सीटवर जन्मलेला.

इथवर लिहिलं आणि पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आले. आता ते वाक्य.

नाना झोपेत गेले नाहीत. मी तुला खोटं सांगितलं. तू नागपूरहून आलीस, माझा हात धरलास आणि विचारलंस, ‘त्यांना त्रास झाला का गं?’ तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तुझा चेहरा मला पाहवेना, आणि तोंडातून निघून गेलं, झोपेत गेले. मग ते सगळ्यांनाच सांगावं लागलं. बाबूसिंगाला खरं माहीत आहे, म्हणूनच तो किल्ली ठेवून गेला.

धुळवड होती. बाबूसिंग होळीसाठी तांड्यावर गेला होता, दरवर्षीसारखा चार दिवस. नाना नको म्हणत होते. धुळवडीला डोकी फुटलेली माणसं येतात, त्याला राहू दे, असं त्यांचं म्हणणं. मीच भांडले. म्हटलं, वर्षात एक सण आहे त्या माणसाला, जाऊ द्या की. दुपारी जेवण झालं, आणि एकच्या सुमाराला त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांना कळलं. डॉक्टरच ते. म्हणाले, यवतमाळ. गाडी दारात होती. पेट्रोल आदल्याच दिवशी भरलेलं. शेजारच्यांच्या मदतीने त्यांना डावीकडे बसवलं, आणि शेजारचे चालवणारा शोधायला धावले. धुळवडीच्या दुपारी! जिनातला एक ड्रायव्हर आला तो भांगेत, त्याला फाटकाची कडी सापडेना. दुसरा रंगाने माखून झाडाखाली पडलेला. एसटीच्या गाड्या अजून सुटायच्या होत्या. मी नानांचं डोकं खांद्यावर घेऊन बसले होते आणि उजवीकडची सीट माझ्या शेजारी रिकामी होती.

तेच म्हणाले, सुमे, तूच सरक तिकडे. डावा पाय खाली दाब, किल्ली फिरव. मी सरकले. त्यांच्या खळग्यात इतकी खाली गेले की काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. पाय पुरेना. टोकावर येऊन पाय ताणला तर हात सुटायचा. गाडी सुरू झाली, एक हिसका बसला, बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा हिसका. तेवढ्यातही ते हसले गं. म्हणाले, सात वर्षांपूर्वी शीक म्हणत होतो. खरंच म्हणत होते. मीच हसून उडवून लावलं होतं, गावात शोभा नको म्हणून. तिसरा हिसका बसला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि मला वाटलं, या धक्क्यांनीच मी यांना मारते आहे. मी किल्लीवरचा हात काढला आणि परत सरकून त्यांच्याजवळ येऊन बसले. ते माझा हात हातात घेऊन होते. शुद्धीतला ड्रायव्हर मिळाला तेव्हा अडीच वाजून गेले होते, आणि आम्ही अजून फाटकाच्या आतच होतो.

यवतमाळला पोचून ते वाचले असते की नाही, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. दहा महिने मी घरात फिरते आहे ती याच प्रश्नाभोवती. मला तुझी क्षमा मागायची आहे, खोटं बोलल्याची. दुसऱ्या गोष्टीची क्षमा तुझ्याकडे मागून चालणार नाही, आणि ज्यांच्याकडे मागायची ते तेवढ्यातही हसले होते.

आणि हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गुरुवारी, एक तारखेला, मी तुला न्यायला येते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. तीन तारखेला आठ ग्रह एकत्र येऊन जग बुडणार म्हणे. तुझ्या सासूबाईंना सांग, त्याच्या आत आपण दिग्रसला पोचू. वाटेत यवतमाळला एक मुक्काम करू, गाडी बैलगाडीच्या वेगाने हाकीन. विधवेने मुळाला, लेकीला न्यायला, येणं त्यांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. म्हणून दंडापर्यंत चुडा भरलेली हंसाबाई बरोबर येते आहे, ओटी हवी तर तिने भरावी. ती आणि बाबूसिंग मागे हौद्यात बसतील. मधल्या दोन महिन्यांत काही कमीजास्त वाटलं तर विजयमालाबाई हाकेच्या अंतरावर आहेत, यवतमाळला जायला गाडी दारात आहे आणि चालवणारी घरात आहे. डावीकडची सीट चाचांनी वेगळी, रुंद केली आहे. बसणारी नागपूरला आहे म्हटल्यावर खूप कुरकुरले, पण आयुष्यात पहिल्यांदा माप न घेता त्यांनी कात्री लावली. पाठीचा पट्टा तेवढा मोकळा ठेवलाय. तू येऊन बसलीस की शिवणार आहेत. तुला नाही यायचं असं वाटलं, माझा राग आला, तरी दारात येऊन ते मला तोंडावर सांग, मी ऐकून घेईन आणि गाडी घेऊन परत येईन. पण येणार असशील तर डावीकडे तू बस, सुनी. उजवीकडून मी या वेळी सरकणार नाही.

तुझीच,
गुरुवारी फाटकाशी हॉर्न वाजवणारी,
आई